फौजदारी खटल्यात सुटका झाली, पण बडतर्फी कायम: पोलीस शिपायाने मॅटमध्ये काय मांडायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांचा धाकटा भाऊ महाराष्ट्रात एका जिल्हा पोलीस दलात शिपाई होता. नाकाबंदीत एका ट्रकचालकाकडून पैसे घेतल्याची तक्रार आली, गुन्हा दाखल झाला, निलंबन झाले, विभागीय चौकशी लागली. चौकशीत तो चालक एकदाही हजर झाला नाही. प्राथमिक चौकशीत त्याने दिलेला जबाब वाचून चौकशी अधिकाऱ्याने दोष सिद्ध धरला. पोलीस अधीक्षकांनी बडतर्फ केले आणि आदेशात जुन्या किरकोळ शिक्षांचाही हवाला दिला. पुढे फौजदारी खटल्यात तक्रारदार फितूर झाला आणि भाऊ सुटला. तरीही परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांनी चार ओळींत अपील फेटाळले. ‘कोर्टाने निर्दोष सोडलेल्या माणसाला मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) नोकरीवर परत घ्यायला लावणार नाही का?’ असे त्यांनी विचारले आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणे. प्रकरण लढण्यासारखे आहे. मात्र ज्या मुद्द्यावर तुमची सगळी भिस्त आहे, ती निर्दोष मुक्तता, तोच यातला सर्वांत कच्चा मुद्दा आहे. खरा जोर तुम्ही एका वाक्यात उरकलेल्या गोष्टीत आहे: तक्रारदार चौकशीत आलाच नाही.

मॅटमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवेचे वाद चालतात, पण ते खात्याच्या चौकशीवरचे दुसरे अपील नव्हे. तुमच्या भावाने पैसे घेतले की नाही, याचा नव्याने निवाडा तिथे होत नाही. खात्याने हा निष्कर्ष कोणत्या वाटेने काढला, हे तिथे पाहिले जाते. आदेश काढणाऱ्याला तो अधिकार होता का, नियमांप्रमाणे चौकशी झाली का, बचावाची खरी संधी मिळाली का, निष्कर्षाला काही तरी पुरावा आहे का, आणि शिक्षा विवेकबुद्धीला धक्का बसावा इतकी भारी आहे का, एवढेच प्रश्न तिथे चालतात. सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट १९६३ मध्येच आंध्र प्रदेश विरुद्ध श्री रामा राव या खटल्यात आखून दिली. तो वादही एका पोलीस उपनिरीक्षकाच्या बडतर्फीचाच होता. १९९५ च्या बी. सी. चतुर्वेदी निकालाने ती आणखी पक्की केली. पुरावा थोडा असो, कच्चा असो, थोडासा जरी असेल तरी त्याचे वजन न्यायाधिकरण करत बसत नाही. पुरावाच नसेल, किंवा कोणताही शहाणा माणूस त्यावरून तो निष्कर्ष काढणार नाही अशी अवस्था असेल, तर मात्र हात घालते.

अनेक अर्जदारांचे मॅटमधले मूळ अर्ज इथेच फसतात. पन्नास पानांच्या अर्जातली चाळीस पाने ‘मी पैसे घेतले नाहीत, मला गोवले आहे, अमुक साहेबांचा माझ्यावर राग होता’ यात जातात. त्यातले सगळे खरे असले तरी सुनावणीत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आता तक्रारदाराच्या गैरहजेरीकडे वळू. शिपायापासून निरीक्षकापर्यंतच्या दुय्यम दर्जाच्या पोलिसांची शिस्तभंगाची कारवाई महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २५ व २६ खाली आणि मुंबई पोलीस (शिक्षा व अपिले) नियम, १९५६ प्रमाणे चालते. (उपअधीक्षक आणि सहायक आयुक्तांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम लागतात आणि भारतीय पोलीस सेवेला १९६९ चे अखिल भारतीय सेवा नियम. मसुदा करताना हे नियम एकमेकांत मिसळू नका. बऱ्याच अर्जांत १९७९ च्या नियमांचा भंग झाल्याची तक्रार असते आणि ते नियम त्या शिपायाला लागूच नसतात.) या सगळ्याच्या मुळाशी राज्यघटनेचा अनुच्छेद ३११(२) आहे. दोषारोप कळवल्याशिवाय आणि म्हणणे मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. वाजवी संधीत उलटतपासणी येतेच. जो माणूस समोर आलाच नाही त्याची उलटतपासणी कशी घेणार?

दिल्ली पोलिसातल्या एका शिपायाचे प्रकरण तुमच्या भावाच्या प्रकरणाला अगदी जवळचे आहे. कुलदीप सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त या नावाने ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मजुरांच्या मजुरीतले पैसे स्वतःकडे ठेवल्याचा त्याच्यावर आरोप होता. त्या मजुरांना चौकशीत साक्षीला आणलेच नाही, त्यांच्या आधीच्या जबाबावर काम भागवले. न्यायालयाने ही चौकशी पुराव्याविना ठरवली, निष्कर्ष विकृत, म्हणजे पुराव्याला धरून नसलेले, म्हटले आणि बडतर्फी रद्द केली. २००८ च्या रूपसिंग नेगी निकालात तर स्पष्ट म्हटले आहे की पोलीस तपासात गोळा केलेली कागदपत्रे म्हणजे विभागीय चौकशीतला पुरावा नव्हे. कागद नुसता दाखल करून चालत नाही, त्यातला मजकूर कोणा साक्षीदाराने सांगावा लागतो.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण सरकारी वकील ती पहिल्या दहा मिनिटांत मांडणार आहेत. १९७७ च्या हरियाणा विरुद्ध रतनसिंग या खटल्यात एका बस कंडक्टरला बडतर्फ केले होते. तपासणी पथकाला बसमध्ये बिनतिकीट प्रवासी सापडले, पण त्या प्रवाशांपैकी कोणालाही साक्षीला बोलावले नव्हते. बडतर्फी तरी टिकली. विभागीय चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत आणि ऐकीव पुरावाही अगदीच त्याज्य नसतो, असे न्यायालयाने म्हटले. मग कुलदीप सिंग आणि रतनसिंग यांत फरक काय? रतनसिंगच्या चौकशीत तपासणी पथकाचा निरीक्षक स्वतः साक्षीला आला होता आणि त्याने काय पाहिले ते सांगितले होते. कुलदीप सिंगच्या चौकशीत आरोपाचा गाभा डोळ्यांनी पाहिलेला, टिकाऊ साक्ष देणारा कोणी नव्हता.

म्हणून तुमच्या भावाच्या चौकशीचा रोजनामा (रोजच्या कामकाजाची नोंद) काढा आणि एकच गोष्ट शोधा: चालकाशिवाय दुसरे कोण बोलले? नाकाबंदीवरचा दुसरा कर्मचारी, पंच, ट्रकमधला क्लीनर, ज्या अधिकाऱ्यापुढे नोटा सापडल्या तो, यांपैकी कोणीही चौकशीत येऊन ‘मी पाहिले’ असे म्हणाले असेल, तर चालकाच्या गैरहजेरीचा मुद्दा निम्म्याहून खाली येतो. प्राथमिक चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने येऊन ‘चालकाने माझ्यापुढे असा जबाब दिला’ एवढेच सांगितले असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. कारण तो अधिकारी घटनेचा साक्षीदार नाही, जबाबाचा आहे. चालकाला समन्स किती वेळा काढले, ते बजावले गेले का, ‘मिळून आला नाही’ असा अहवाल आहे का, हेही रोजनाम्यात दिसेल. एकदाही धड प्रयत्न केला नसेल तर ते अर्जात तारखांसह लिहा. भावाने चौकशीतच ‘मला या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची आहे’ असा लेखी अर्ज दिला असेल, तर तो तुमचा सर्वांत मोलाचा कागद. दिला नसेल तर खाते म्हणेल की तुम्ही तेव्हा हरकत घेतली नाही. याला उत्तर असे की पुरावा आणण्याचे ओझे खात्यावर असते, अपचाऱ्यावर (ज्याच्यावर आरोप आहे त्या कर्मचाऱ्यावर) नाही. हे उत्तर चालते, पण लेखी अर्जाइतके जोरकस ठरत नाही.

चौकशीला सादरकर्ता अधिकारी, म्हणजे खात्याची बाजू मांडणारा अधिकारी, होता का, हेही पाहून ठेवा. पोलिसांच्या चौकशीत अनेकदा तो नेमलेलाच नसतो आणि चौकशी अधिकारीच साक्षीदारांना प्रश्न विचारत राहतो. खुलाशासाठी चार प्रश्न विचारणे चालते. पण त्याने खात्याच्या बाजूने प्रकरण उभे केले असेल, सूचक प्रश्न विचारून साक्षीदाराकडून हवे ते वदवून घेतले असेल, तर तो एकाच वेळी फिर्यादी आणि न्यायाधीश झाला. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका प्रकरणात, २०१८ च्या रामलखन शर्मा निकालात, नेमक्या या कारणाने चौकशी दूषित ठरली. याहून ठळक उदाहरण फार जुने आहे. उत्तर प्रदेशातल्या मोहम्मद नूह या हेड कॉन्स्टेबलच्या चौकशीत चौकशी करणारा पोलीस अधीक्षक मध्येच स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहिला, साक्ष दिली आणि पुन्हा निवाड्याच्या खुर्चीवर जाऊन बसला. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला नैसर्गिक न्यायाची उघड पायमल्ली म्हटले. नूह मात्र हरला, कारण त्याची बडतर्फी १९४८ ची होती आणि घटनेच्या अनुच्छेद २२६ चा अधिकार मागे लागू होत नाही, असे ठरले. तत्त्व आजही रोज वापरले जाते, नोकरी मात्र गेली ती गेलीच.

आता निर्दोष मुक्ततेकडे येतो. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. विभागीय चौकशीत ‘असे घडले असण्याची शक्यता जास्त’ एवढे पुरते. त्यामुळे एकाच घटनेत माणूस कोर्टात सुटतो आणि खात्यात दोषी ठरतो, आणि कायद्याला त्यात विसंगती दिसत नाही. २०१२ च्या समुथिरम प्रकरणात तामिळनाडूतल्या एका पोलीस कर्मचाऱ्यावर महिलेची छेड काढल्याचा आरोप होता. महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले आणि तो सुटला. सर्वोच्च न्यायालयाने ही मुक्तता ‘सन्मानपूर्वक’ नाही असे म्हणून सेवेतून काढण्याचा आदेश कायम ठेवला. तुमच्या भावाच्या खटल्यातही तक्रारदार फितूर झाला आहे. सरकारी वकिलांच्या फाईलमध्ये हा निकाल पहिल्या पानावर असेल असे धरून चाला. शिवाय पोलिसांविरुद्धच्या खटल्यातल्या फितुरीकडे न्यायाधिकरण जरा अधिकच संशयाने पाहते. फिर्यादी का फिरला असेल, हे विचारायला कोणी सांगावे लागत नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. चौकशी आणि खटला यांतले आरोप, साक्षीदार आणि पुरावा एकच असतील, आणि फौजदारी न्यायालयाने पुरावा तपासून आरोप खरोखरच टिकत नाही असे म्हटले असेल, तर त्या निकालाकडे काणाडोळा करून बडतर्फी चालू ठेवणे अन्यायाचे ठरते. २०२३ च्या डिसेंबरात रामलाल विरुद्ध राजस्थान या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका शिपायाला याच आधारावर सेवेत परत घेतले. त्याच्यावर शाळेच्या गुणपत्रिकेत जन्मतारीख बदलल्याचा आरोप होता. निकालपत्रात ‘संशयाचा फायदा’ असे शब्द आले म्हणून तेवढ्यावर थांबू नका, न्यायाधीशांनी पुराव्याबद्दल प्रत्यक्षात काय म्हटले ते वाचा, असे या निकालाचे सांगणे आहे. तेव्हा भावाच्या खटल्याचे पूर्ण निकालपत्र काढा आणि शेवटचा आदेश सोडून मधले परिच्छेद वाचा. मागणी झालीच नाही, नोटा सापडल्याच नाहीत, पंचांचे म्हणणे अविश्वसनीय आहे, असे काही तिथे लिहिले असेल तर रामलाल तुमच्या कामाचा. ‘तक्रारदाराने सरकार पक्षाला साथ दिली नाही, सबब आरोपी सुटतो’ एवढेच असेल, तर मुक्ततेचा मुद्दा अर्जात शेवटी ठेवा. एक जाता जाता: लाचेच्या प्रकरणात तक्रारदार फितूर झाला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध होऊ शकते, असे घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता निकालात ठरवले आहे. त्यामुळे सरकार या मुक्ततेविरुद्ध वर गेले आहे का, याचीही चौकशी करा. अपील प्रलंबित असेल तर मुक्ततेचा आधार आणखी पातळ होतो.

जुन्या शिक्षांचा मुद्दा छोटा दिसतो, पण त्याने अनेक आदेश पडले आहेत. बडतर्फीच्या आदेशाच्या शेवटच्या पानावर ठरीव परिच्छेद असतो: ‘अपचाऱ्याचा पूर्वेतिहास पाहता तो सुधारण्याची शक्यता नाही.’ शिक्षा ठरवताना पूर्वेतिहास पाहायचा असेल तर तो दोषारोपपत्रात किंवा कारणे दाखवा नोटिशीत आधी सांगायला हवा, हे म्हैसूर विरुद्ध मांचे गौडा या साठच्या दशकातल्या निकालापासून मान्य आहे. नोटीस बाहेर काढा. तिथे जुन्या शिक्षांचा उल्लेख नसेल आणि आदेशात असेल, तर तो स्वतंत्र मुद्दा करा. अर्थात आदेश मुख्यतः लाचेवरच उभा असेल आणि पूर्वेतिहास नुसता जोडीला आला असेल, तर न्यायाधिकरण त्याला फार किंमत देणार नाही. नोटिशीसोबत चौकशी अहवालाची प्रत मिळाली होती का, तेही बघा. १९९० च्या रमझान खान आणि १९९३ च्या करुणाकर निकालांनंतर ती देणे बंधनकारकच आहे. न मिळाल्याने नेमके काय नुकसान झाले ते मात्र तुम्हाला दाखवावे लागते, ‘प्रत दिली नाही’ एवढ्यावर आता आदेश रद्द होत नाहीत.

चार ओळींत फेटाळलेले अपील हा खरे तर तुमचा फायदा आहे. अपील अधिकाऱ्याने चौकशी नियमाप्रमाणे झाली का, निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का, शिक्षा योग्य आहे का, याचा स्वतंत्र विचार करायचा असतो. ‘अपिलातील मुद्द्यांत तथ्य नाही, सबब अपील फेटाळण्यात येते’ असे म्हणणे म्हणजे विचार नव्हे. खाते मॅटमध्ये लांबलचक प्रतिज्ञापत्र देऊन ही पोकळी भरायचा प्रयत्न करील. तेव्हा १९७७ चा मोहिंदरसिंग गिल निकाल हाती असू द्या: आदेशात नसलेली कारणे मागाहून प्रतिज्ञापत्रातून पुरवता येत नाहीत. यातला धोका एवढाच की न्यायाधिकरण फक्त अपील आदेश रद्द करून ‘पुन्हा ऐका’ म्हणून प्रकरण महानिरीक्षकांकडे परत पाठवू शकते. त्यात वर्ष जाते आणि बऱ्याचदा तेच उत्तर चार ओळींऐवजी चार पानांत मिळते. म्हणून हा मुद्दा एकटा पुढे करू नका. चौकशीतच पुरावा नाही, हा मुख्य वार. अपिलातली त्रुटी त्याच्या मागून येऊ द्या.

शिक्षा जास्त आहे, हा युक्तिवाद करावा का? लाचेच्या आरोपात मी त्यावर फार वेळ घालवत नाही. रक्कम शंभर रुपये होती की दहा हजार, याने न्यायालयांना फरक पडत नाही. पोलिसांकडून अपेक्षित असलेली शिस्त वेगळ्या मापाने मोजली जाते. पंजाबमधल्या रामसिंग या शिपायाला कामावर, शस्त्रासह, दारूच्या नशेत बसस्थानकावर फिरताना पकडले होते. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एकच कृत्यसुद्धा बडतर्फीला पुरेसे गंभीर असू शकते. गैरहजेरीचे प्रकरण असते तर मी वेगळा सल्ला दिला असता. तिथे २०१२ च्या कृष्णकांत परमार निकालाने गैरहजेरी हेतुपुरस्सर होती का हे तपासायला लावले आहे, आणि आजारपणाचे कागद असतील तर शिक्षा कमी होण्याची शक्यता बरी असते. तुमच्या प्रकरणात पर्यायी विनंती म्हणून ‘बडतर्फीऐवजी सक्तीची सेवानिवृत्ती’ एवढी एक ओळ टाका. बडतर्फीने आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी बुडते आणि पुढे सरकारी नोकरीचे दारही साधारणपणे बंद होते. सक्तीच्या सेवानिवृत्तीत तसे होत नाही. भावाची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतरची असेल तर तो जुन्या निवृत्तिवेतनात नसणार, तेव्हा या ओळीचा आर्थिक उपयोग कमी. तरी सेवापुस्तकावरचा डाग फिका होतो, म्हणून ठेवा.

आदेश कोणी काढला हे एकदा तपासून घ्या. अनुच्छेद ३११(१) प्रमाणे नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. शिपायाची नेमणूक अधीक्षकांची आणि आदेशही अधीक्षकांचा, तर इथे काही मिळणार नाही. प्रभारी म्हणून अपर अधीक्षकांनी सही केली असेल तर मात्र तो कागद जपून ठेवा.

हे उत्तर आणखी काही बडतर्फ कर्मचारीही वाचतील, म्हणून चौकशीच न करता बडतर्फ करण्याबद्दल थोडे. अनुच्छेद ३११(२) च्या दुसऱ्या परंतुकातला (अपवाद सांगणाऱ्या तरतुदीतला) खंड (ब) म्हणतो की चौकशी करणे वाजवीपणे व्यवहार्य नसेल तर कारणे लिहून ती वगळता येते. मे २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी सचिन वाझे यांना याच खंडाखाली बडतर्फ केले. त्याआधी २००८ मध्ये प्रदीप शर्मा यांना असेच काढले होते आणि २००९ मध्ये मॅटने तो आदेश रद्द केला. १९८५ च्या तुळशीराम पटेल निकालाने हा अधिकार मान्य केला, पण चौकशी टाळण्याची कारणे न्यायालय तपासू शकते, हेही त्याच निकालात आहे. ‘साक्षीदार घाबरतील’ असे मोघम लिहून भागत नाही. कोण घाबरले, कशावरून कळले, याचा फाईलवर काही तरी आधार लागतो. आरोपी कर्मचारी तुरुंगात आहे, खाते आरामात चौकशी करू शकते आणि तरीही हा खंड लावला, असे असेल तर आदेश टिकवणे खात्याला जड जाते. माझ्या मते या खंडाचा वापर गेल्या काही वर्षांत सैल झाला आहे. बातमी गाजली की चौकशीचा कंटाळा येतो. त्याच परंतुकाचा खंड (अ) फौजदारी शिक्षेनंतरचा. तिथे आव्हानाला जागा कमी असते आणि वरच्या न्यायालयाने शिक्षेला स्थगिती दिली तरी दोषसिद्धी उभीच राहते.

आता मुदत. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २० प्रमाणे आधी खात्यातले अपील संपवावे लागते. ते तुम्ही केले आहे. कलम २१ प्रमाणे अपिलाचा अंतिम आदेश झाल्यापासून एक वर्षात मूळ अर्ज दाखल करायचा. अपील करून सहा महिने झाले आणि उत्तरच आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. या काळात लोक गृहमंत्र्यांना निवेदन, महासंचालकांना विनंती अर्ज, पुन्हा निवेदन, असे करत बसतात आणि प्रत्येक निवेदनाने घड्याळ नव्याने सुरू होते असे समजतात. तसे होत नाही. १९८९ च्या एस. एस. राठोड निकालाने हे मिटवले आहे. पुनरीक्षणाचा अर्ज शासनाकडे करायचा असेल तर करा, पण मॅटची मुदत त्यासाठी थांबवू नका. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज देता येतो, दिवसागणिक कारण द्यावे लागते.

भावाचा जिल्हा मुंबई, नागपूर की छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे येतो ते पाहून अर्ज तिथे दाखल करा. मॅटविरुद्ध पुढे उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे रिट करता येते, हे १९९७ च्या चंद्रकुमार निकालापासून ठरलेले आहे. तिथली तपासणी आणखी अरुंद असते, म्हणून सगळा दारूगोळा मॅटमध्येच वापरायचा. मॅटमध्ये न मांडलेला मुद्दा उच्च न्यायालयात पहिल्यांदा काढला तर तो बहुधा ऐकला जात नाही. बडतर्फीला अंतरिम स्थगिती मागण्यात वेळ घालवू नका. आदेश अमलात आलेला आहे, स्थगिती देऊन माणसाला पुन्हा वर्दी घालायला लावणे न्यायाधिकरण सहसा करत नाही. त्याऐवजी लवकर अंतिम सुनावणीची विनंती करा.

जिंकलो तर काय, हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. चौकशीत दोष आढळला की बहुतेकदा आदेश रद्द होऊन प्रकरण दोष शिरला त्या टप्प्यापासून नव्या चौकशीसाठी परत जाते. तोवर भाऊ सेवेत परत येतो, पण निलंबित म्हणून, आणि निर्वाह भत्ता सुरू होतो. पुराव्याचाच पूर्ण अभाव असेल आणि इतकी वर्षे गेली असतील की चालक आता सापडणार नाही, तर ‘परत पाठवू नका, थेट पुनःस्थापना द्या’ अशी स्पष्ट विनंती अर्जात हवी. न मागितलेले मिळत नाही. मधल्या काळाच्या पगारासाठी दीपाली सुरवसे हा २०१३ चा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला आहे. बेकायदा काढलेल्या कर्मचाऱ्याला सामान्यतः मागचा पगार मिळावा असे तो म्हणतो, पण या काळात दुसरी कमाई नव्हती हे कर्मचाऱ्याने आधी सांगावे लागते. भाऊ सध्या सुरक्षारक्षकाचे किंवा चालकाचे काम करत असेल तर ते लपवू नका, रक्कम लिहून द्या. खात्याने पगारपत्रक बाहेर काढले आणि तुमचे प्रतिज्ञापत्र खोटे ठरले, तर पगार जाईलच, शिवाय अप्रामाणिकपणाच्या आरोपाच्या प्रकरणात हा नवा खोटेपणा न्यायाधिकरणासमोर येईल.

वकिलाकडे जाताना हे कागद घेऊन जा: दोषारोपपत्र आणि त्याच्या जोडपत्रांतली साक्षीदारांची यादी, पूर्ण रोजनामा, प्रत्येक साक्षीदाराचा जबाब, चौकशी अहवाल, कारणे दाखवा नोटीस आणि भावाचे उत्तर, बडतर्फीचा आदेश, अपील अर्जाची पोच, अपिलाचा निर्णय ज्या पाकिटातून आला ते पाकीट किंवा पोचपावती, आणि फौजदारी निकालाची प्रमाणित प्रत. रोजनामा हाती नसेल तर माहिती अधिकारात आजच अर्ज टाका. उत्तराला तीस दिवस लागतात आणि तुमचे वर्ष अपिलाच्या आदेशापासून सुरू झालेलेच आहे.